पर्वती चढा पळत, उतरा चालत

बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहूनच टाकतो. सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या तयारीसाठी हल्ली खूप पोरंपोरी सकाळी पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या पायऱ्यांवर फेऱ्या मारतात, बघून खूप बरं वाटतं, मी पण तेच करतो. 103 पायऱ्या, फी नाही, मशीन नाही, आणि मिनिट-दीड मिनिटात छातीचा भाता होतो. जिन्यासारखा व्यायाम नाही हे माझं ठाम मत आहे.

पण वर जेवढ्या जोरात जाता तेवढ्याच जोरात खाली का येता रे? घड्याळ लावून धाड धाड उड्या मारत उतरताना बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो.

कारण मी ते भोगलंय. आमच्या तेव्हाच्या ग्रुपमध्ये वर-खाली दोन्ही पळत 15 फेऱ्या झाल्या तरच फेऱ्या. तिसऱ्या आठवड्यात डाव्या गुडघ्याच्या वाटीमागे दुखायला लागलं, खुर्चीतून उठताना कळ यायची, तरी रेटलं. मग दीड महिना पळणं बंद आणि त्या वर्षीची सातारा हुकली ती हुकलीच.

फिजिओने तेव्हा नीट समजावलं. चढताना मांडीचा स्नायू आखडत आपल्याला वर ढकलतो, दम लागतो पण आदळआपट कमी. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेकचं काम करतो, त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, म्हणून पाय त्या दिवशी नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरून येतात. आणि गुडघ्याच्या वाटीवर जोर पडतो तो वेगळाच. म्हणजे दमसास वाढतो चढताना आणि गुडघा बिघडतो उतरताना, मग उतरण्यात कसली शर्यत?

त्यात पर्वतीच्या पायऱ्या बिल्डिंगच्या जिन्यासारख्या नाहीत. दगडी, रुंद, एकेका पायरीवर दोन-तीन पावलं पडतात, लय सापडायलाच वेळ लागतो. पावसाळ्यात दगड असा निसरडा होतो की चांगला बूटसुद्धा सरकतो. रोज येणाऱ्या एक काकू आहेत, साडीवर कॅनव्हासचे बूट, उतरताना कधीच सरळ येत नाहीत, तिरक्या तिरक्या, पूर्ण तळवा टेकवत येतात. एकदा मला थांबवून म्हणाल्या, "अरे बाळा, खाली काय बस सुटतीये का तुझी?" तेव्हापासून मी चालतच उतरतो. तेवढ्यात श्वास खाली येतो आणि पुढची चढाई परत जीव लावून करता येते, इंटरव्हल इंटरव्हल म्हणतात ते हेच की.

चढताना कमरेत वाकू नका, हात मागे-पुढे जोरात हलवा, नजर तीन-चार पायऱ्या पुढे. नवीन असाल तर चार फेऱ्या पुरे, आठवड्यातून दोनदा, आणि आधी दहा मिनिटं पायथ्याशी चाला.

आता कोणी म्हणेल सातारला निम्मी रेस उतारच आहे, सराव नको का? हवाच ना! पण तो डांबरी उतारावर, छोटी पावलं टाकत, थोडा थोडा वाढवत करा. दगडी पायऱ्यांवर उड्या मारणं म्हणजे तो सराव नाही.

मी रविवारी सहाला पायथ्याशी असतो. यायचं असेल तर या, पण उतरताना माझ्याबरोबर चालत यायचं.