तेरा-दहा

२०२५ च्या २६ नोव्हेंबरला सकाळी सहाला फोन उघडला, तर आमच्या दहावी 'क'च्या ग्रुपवर दोनशेच्या वर मेसेज पडलेले. एवढे मेसेज एकतर कुणी गेलं तर पडतात, नाहीतर क्रिकेटमध्ये हरलो तर. गुवाहाटीत दक्षिण आफ्रिकेनं ४०८ धावांनी धुतलं होतं. कसोटीत धावांच्या हिशेबात भारताचा एवढा मोठा पराभव त्याआधी कधी झाला नव्हता. कोलकात्यात तर १२४ करायच्या होत्या आणि ९३ वर सगळे गुंडाळले गेले. म्हणजे मालिका घरच्या मैदानावर २-० गेली. आदल्या वर्षी न्यूझीलंडनं घरात येऊन ३-० केलं होतं, तेही कुणी विसरलेलं नाही. गुवाहाटीच्या मैदानात कोचच्या नावानं 'गौतम गंभीर हाय हाय' झालं. ग्रुपवर त्याचीच कोल्हापुरी आवृत्ती चालू होती, ती इथं लिहिता येत नाही.

शिव्यांनी मी चिडलो नाही, त्या ऐकतच मोठा झालोय. चिडलो तो एका सभ्य मेसेजवर. कोल्हापूरच्या गंगावेशीत हार्डवेअरचं दुकान असलेला आमचा एक वर्गमित्र, एरवी सगळ्यांना नुसता गुड मॉर्निंग टाकणारा माणूस. त्यानं लिहिलं होतं, "आपली पब्लिकच अडाणी. अमेरिकेत बघा, कोचला पाच-पाच वर्षं कोण हात लावत नाही. सिस्टिम असत्या तिथं. विचारा की आपल्या ओहायोवाल्याला."

ओहायोवाला म्हणजे मी. बावीस वर्षं झाली कोलंबसला.

कॉफी केली, चष्मा लावला आणि लांबलचक उत्तर लिहिलं. अश्विन, रोहित, विराट असे तिघं पाच महिन्यांत कसोटीतून बाहेर पडले. नवीन पोरांना वेळ लागणारच. ह्याच गंभीरच्या हाताखाली इंग्लंडात २-२ केलं, चॅम्पियन्स ट्रॉफी आणली. एका मालिकेवरून माणूस जोखू नये. सगळं मुद्देसूद, वेलांट्या-उकार बघून. वीस मिनिटं गेली. खाली उत्तर आलं सहा शब्दांचं: "भावा, तुला तिकडं बसून काय कळतंय."

आधी म्हणायचं ओहायोवाल्याला विचारा, आणि ओहायोवाला बोलला की त्याला काय कळतंय. म्हणून ग्रुपवर नको, इथंच लिहितो.

तर ती सिस्टिम. शेजारच्या पेनसिल्वेनियात पेन स्टेट युनिव्हर्सिटीला अमेरिकन फुटबॉलचा जेम्स फ्रँकलिन नावाचा कोच होता. २०१४ पासून होता, १०४ सामने जिंकलेला. २०२५ च्या जानेवारीत त्याची टीम राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत गेली होती. सप्टेंबरच्या शेवटी ओरेगनकडून घरच्या मैदानावर जादा वेळेत हरले, तर लाखभर लोकांच्या स्टेडियममध्ये 'फायर फ्रँकलिन' सुरू झालं. पुढच्या दोन्ही मॅच हरले आणि १२ ऑक्टोबरला त्याला नारळ दिला. कराराप्रमाणं त्याचे सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलर देणं निघत होतं, तरी दिला. (पुढं त्याला दुसरीकडं नोकरी लागली आणि आकडा बराच खाली आला. पण त्या दिवशी युनिव्हर्सिटी एवढ्या पैशावर पाणी सोडायला तयार होती.) आमच्या इथं, कोलंबसच्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत, पूर्वी जॉन कूपर होता. तेरा हंगामांत १११ सामने जिंकला, पण मिशिगन युनिव्हर्सिटीविरुद्ध, म्हणजे आमच्या हाडवैऱ्यांविरुद्ध, दोन विजय, दहा पराभव, एक बरोबरी. गावात आजही त्याचं नाव निघालं की लोक आधी हे दोन-दहा-एक सांगतात, मग बाकीचं.

आणि हे सगळं कॉलेजचं चाललंय. हे गावाकडं कुणाला पटवून देता येत नाही. कॉलेजची टीम म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढं पीटीचे सर येतात, शिट्टी आणि पांढरी पँट. आमचे आत्ताचे सर, रायन डे, वर्षाला कोटभर डॉलर घेतात. राज्याच्या गव्हर्नरला त्यांच्या पगाराच्या जवळपासही काही मिळत नाही. स्टेडियममध्ये १,०२,७८० माणसं बसतात आणि मैदानात पळणारी पोरं एकोणीस-वीस वर्षांची. "हातात धरून पळतात आणि फुटबॉल म्हणतात होय रे?" हे मी बावीस वर्षं ऐकतोय. आमच्या कोल्हापूरला फुटबॉल शिकवायला कुणी जाऊ नये, हेही खरंच.

रायन डेची गोष्ट मात्र सावकाश सांगावी लागेल, कारण तिच्यात मीही आहे.

डे २०१९ पासून ओहायो स्टेटचा मुख्य कोच. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर त्याच्या नावावर ६६ विजय आणि १० पराभव होते. त्या दहातले चार मिशिगनकडून, ओळीनं: २०२१, २२, २३ आणि २४. चौथा सगळ्यात वाईट. मिशिगनची टीम त्या वर्षी जेमतेम होती, सहा विजय, पाच पराभव. मॅच आमच्या घरात. त्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांवरचं प्रत्येक एम, मिशिगनचं म्हणून, लाल टेपनं खोडलेलं होतं. हरायचं कसं हे शोधून काढावं लागलं असतं, आणि आम्ही ते शोधलं. तेरा-दहा. आमच्या किकरनं दोन किक घालवल्या. मॅच संपल्यावर मिशिगनवाल्यांनी मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायला घेतला, मारामारी झाली, पोलिसांनी डोळ्यांत मिरपुडीचा फवारा मारला.

मी तेव्हा स्टँडमध्ये होतो. ३० नोव्हेंबरची थंडी, बोटं बधिर झालेली. शेजारच्या आजीबाई, सत्तरीच्या तरी असतील, डेच्या नावानं जे काही बोलत होत्या ते ऐकून मला कोल्हापूरचं शाहू स्टेडियम आठवलं.

शाहू स्टेडियमच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर मी वडिलांबरोबर शेंगदाणे खात बसायचो. पेठेपेठेच्या तालमींच्या फुटबॉल टीम, आणि शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ असली की अर्धं गाव दुकानं बंद करून आत. आमच्या टीमला कोच असा नव्हता. एक म्हातारे होते, तरुणपणी खेळलेले, सगळे त्यांना मामा म्हणायचे. कुणाला खेळवायचं ते मामा ठरवायचे आणि हरल्यावर शिव्याही मामाच खायचे. एकदा फायनल पेनल्टीवर गेली. रात्री तालमीच्या दारात मामांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी वडिलांबरोबर गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेलो तर मामा तिथंच उभे. आदल्या रात्री सगळ्यात मोठ्यानं ओरडणाऱ्या गड्यानं म्हैस पिळून घेतली, फेसाळता पेला त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "प्या मामा. काल तुमच्या पोरांचं पाय लटपटालते." मामांनी मिशीला लागलेला फेस पुसला आणि पुढच्या वर्षी बघू म्हणाले.

मला हे उदाहरण फार आवडतं. इथल्या लोकांना मी ते पदरचं थोडं घालून सांगतो. शिवी देणारा आणि खाणारा एकाच गल्लीत राहतो, सकाळी तोंड दाखवावं लागतं, त्यामुळं शिवीला आपोआप माप राहतं, वगैरे. त्याच स्टेडियममध्ये दगडफेक व्हायची, मॅच अर्ध्यात थांबवायला लागायची, वडील मला शर्टात डोकं खुपसायला लावून बाहेर काढायचे, हे मी त्यात सांगत नाही.

आता रेडिओचं सांगतो. हे घरातही कुणाला माहीत नाही.

तेरा-दहा झालं तो शनिवार. सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून निघालो आणि क्रोगर ह्या किराणाच्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. हीटर चालू. गाडीत स्थानिक स्पोर्ट्स रेडिओ लागलेला, लोक फोन करून डेला झोडपत होते. मी फोन लावला. चाळीस मिनिटं होल्डवर. नाव विचारलं तेव्हा सॅम सांगितलं, गाव कोलंबसच्या शेजारचं डब्लिन. मग माझा नंबर लागला आणि मी बोललो. काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण ह्या माणसाच्या छातीत दमच नाही, मोठ्या मॅचला ह्याचे हातपाय गळतात, आजच्या आज घरी पाठवा, असं होतं. आवाज चढलेला. माझं इंग्रजी अशा वेळी पार कोल्हापूरच्या राजारामपुरीला पोचतं, तसंच ते पोचलं असणार. निवेदक म्हणाला, शंभर टक्के बरोबर सॅम, किती वर्षांपासून बकाय (म्हणजे ओहायो स्टेटवाला)? म्हटलं एकवीस. माझ्यानंतर चिलिकॉथीहून एका म्हाताऱ्याचा फोन होता, घोगरा आवाज. त्यानं सुरुवातच केली, "सॅम जे म्हणाला तेच माझं."

एकवीस वर्षं ऑफिसात, शेजारात, मुलीच्या शाळेत, डॉक्टरकडं, कुठंही तोंड उघडलं की तिसरं वाक्य ठरलेलं: मूळचे कुठले तुम्ही? त्या सोमवारी कुणी विचारलं नाही. मी गाडीत बसून होतो. दूध घ्यायला आलो होतो, ते न घेताच घरी गेलो.

पुढं कळलं की त्या दिवसांत डेच्या घराबाहेर बंदूकधारी पहारा ठेवावा लागला होता. त्याची पोरं इथंच शाळेत जातात. तो लहान असताना त्याच्या वडिलांनी आत्महत्या केली होती. तो आणि त्याची बायको इथल्या मुलांच्या हॉस्पिटलसाठी मानसिक आरोग्याचा निधी चालवतात, हे मला आधीपासून माहीत होतं. त्याच मॅचच्या आधी तो म्हणाला होता की वडील गेले ते आणि अशाच एकदोन गोष्टी सोडल्या, तर मिशिगनकडून हरणं हे आपल्या घरादारानं सोसलेलं सगळ्यात वाईट. हेही मी ऐकलं होतं. ऐकून चाळीस मिनिटं होल्डवर बसलो. मी काही त्याच्या दारात गेलो नाही. पण सॅम जे म्हणाला तेच माझं, असं म्हणणारे किती असतील आणि त्यातला एखादा गाडी काढून कुठं गेला असेल, ह्याचा विचार मी मुद्दाम करत नाही. इथं दूध कट्टा नाही. डे मला क्रोगरमध्ये भेटणार नाही.

आता हार्डवेअरवाला म्हणेल, पण डेला काढला का? नाही काढला. पुढच्या सात आठवड्यांत टेनेसी, ओरेगन, टेक्सस आणि नोट्र डेम अशा चार टीम हरवून त्यानं राष्ट्रीय विजेतेपद आणलं, २० जानेवारीला अटलांटात ३४-२३. हा मुद्दा त्याच्या बाजूनं जातो, माझ्या नाही. आम्ही सगळे सॅम लोक त्या रात्री हॉर्न वाजवत हाय स्ट्रीटवर फिरलो.

मग गंभीरचं असं आहे. गुवाहाटीचा स्कोअर बघितला आणि मी कॉफी ठेवली. मन लावून ठेवली, दूध उतू जाऊ दिलं नाही. आदल्या वर्षी तेरा-दहा झालं त्या रात्री मला झोप आली नव्हती. न्यूझीलंडविरुद्धची मालिका पुण्याला गहुंजेत गेली, बारा वर्षांत घरच्या मैदानावर एकही मालिका न हरलेली टीम, आपल्या महाराष्ट्रात हरली, तेव्हाही मी मीटिंगला वेळेवर हजर होतो. ग्रुपवरचा माझा तो मेसेज एवढा मुद्देसूद, एवढा समतोल कसा उतरला ते मला तेव्हा कळलं नाही. गंगावेशीत बसून त्याला मात्र सहा शब्दांत कळलं होतं.

गुवाहाटीनंतर तिसऱ्या दिवशी, २९ तारखेला, आम्ही ॲन आर्बरला जाऊन मिशिगनला २७-९ हरवलं. उत्तरार्धात बर्फ पडत होता, मैदानावरच्या रेघा दिसेनात. मुलगी हॉस्टेलवरून चार मित्रमैत्रिणींना घेऊन आली होती, शेव-चिवडा आणि बकाय कँडी दोन्ही संपलं. मी बर्फातल्या पोरांचा फोटो ग्रुपवर टाकला. दोन अंगठे आले. त्यातला एक सगळ्याच मेसेजला येतो.

पुढच्या शनिवारी इंडियाना युनिव्हर्सिटीशी बिग टेनची, म्हणजे आमच्या गटातल्या युनिव्हर्सिट्यांच्या स्पर्धेची, फायनल. आम्ही पहिले, ते दुसरे, दोघंही तोवर एकही मॅच न हरलेले. शेवटची तीनेक मिनिटं राहिली असताना सत्तावीस यार्डांची किक होती, म्हणजे कोल्हापुरात शाळेतलं पोरगं अनवाणी मारेल असली. गेली बाहेर. स्कोअर तेरा-दहा. पुन्हा तेरा-दहा.

टीव्ही बंद केला. डे किकरवर विसंबलाच का, तिथवर जाऊन बॉल रेघेपार नेऊन टचडाउन का नाही काढला, कोटभर डॉलर कशाचे घेतो, हे सगळं घशाशी आलेलं. रेडिओ लावला नाही. तेवढ्यात फोन वाजला. भारतात रविवारची सकाळ. हार्डवेअरवाल्याचा मेसेज, ग्रुपवर नाही, मला एकट्याला. "तेरा-दहा बघितलं. तुमच्या कोचचं काय खरं न्हाई."

त्यानं स्कोअर शोधून बघितला होता. मी समतोल काही लिहिलं नाही. अंगठ्यानं जे आलं ते लिहिलं, वेलांट्या-उकार न बघता, तीन ओळी, त्यातल्या दोन रायन डेच्या खानदानावर.

"आता आलास लायनीवर," तो म्हणाला आणि त्यानं फोनच लावला. अर्धा तास बोललो. दुकानात मागं कुणीतरी दोन इंची खिळे मागत होतं. मी त्याला फोर्थ डाऊन समजावला, फील्ड गोल समजावला, तीन गुण आणि सात गुण समजावले. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मला एक सांग भावा, हातात धरूनच पळायचं असतंय, तर लाथ मारायला येगळा गडी कशाला ठेवलाय?"