एक कमांड का पुरत नाही: नॅनोच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

वीर्डवरच्या (रिमाइंड या स्मरणनोंदींच्या प्रोग्रॅमचं टर्मिनलमध्ये चालणारं कॅलेंडर) माझ्या लेखावर तुम्ही दिलेल्या प्रतिक्रियेत दोन मुद्दे आहेत. पहिला: ‘व्हिज्युअल या व्हेरिएबलला नॅनो द्या की झालं’ हे लेखातलं वाक्य वाचून (व्हिज्युअल म्हणजे कोणता एडिटर उघडायचा ते सांगणारं व्हेरिएबल, नॅनो हा एक साधा एडिटर) तुम्ही तसं केलंत, तर वीर्डमध्ये नवीन नोंद करताना कोरी फाइल उघडते आणि सेव्ह केलेली नोंद कॅलेंडरात येतच नाही. दुसरा: एडिटरच उघडायचाय, तर त्याला तीन-तीन कमांड कशाला?

पहिल्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे, लेखातलं वाक्य चुकलं. (पुढे कमांड देवनागरीत लिहितोय, वीर्डच्या सेटिंगच्या फाइलमध्ये त्या लहान रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाका, खुणा मात्र जशाच्या तशा.) नव्या नोंदीसाठीच्या मूळ कमांडमध्ये एडिटरच्या नावापुढे -सी '$' असतं. व्हिम या एडिटरला त्याचा अर्थ कळतो: फाइल उघड आणि शेवटच्या ओळीवर जा. नॅनोच्या भाषेत -सी म्हणजे कर्सर कुठे आहे ते खाली सतत दाखव. मग उरलेलं '$' तो फाइलचं नाव समजतो आणि त्या नावाची कोरी फाइल समोर ठेवतो. तुम्ही तिच्यात लिहिलंत, तीच सेव्ह झाली. वीर्ड ज्या फोल्डरमधून सुरू करता तिथे ‘$’ नावाची फाइल शोधा, हरवलेल्या नोंदी बहुधा तिथेच सापडतील.

आता तीन कमांडचं. वीर्ड स्वतः काहीच संपादित करत नाही. ते रिमाइंडच्या साध्या मजकुराच्या फाइलवर बसवलेलं तोंड आहे. एंटर दाबून जुनी नोंद उघडली की एडिटरने नेमक्या त्या ओळीवर जायचं, म्हणून ‘ओल्ड’ कमांडला %लाइन% (ओळीचा क्रमांक) आणि %फाइल% (फाइलचं नाव) दोन्ही लागतात. टी किंवा यू दाबलं की वीर्ड आधी नमुन्याची ओळ फाइलच्या तळाशी जोडतं आणि मग एडिटर उघडतं, म्हणून ‘न्यू’ला तळाशी जावं लागतं. नुसती फाइल चाळायची असेल तर कुठेच जायचं नसतं, ती ‘एनी’. तळाशी कसं जायचं हे प्रत्येक एडिटरचं वेगळं, त्यामुळे एका व्हेरिएबलवर हे भागत नाही. नॅनोसाठी वीर्डआरसीत, म्हणजे वीर्डच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, असं लिहा:

सेट एडिट_ओल्ड_कमांड="नॅनो +%लाइन% \"%फाइल%\""
सेट एडिट_न्यू_कमांड="नॅनो +९९९९९९ \"%फाइल%\""
सेट एडिट_एनी_कमांड="नॅनो \"%फाइल%\""

९९९९९९ बघून हसू नका. फाइलपेक्षा मोठा आकडा दिला की नॅनो मुकाट शेवटच्या ओळीवर थांबतो. अधिकचं चिन्ह आणि आकडा फाइलच्या नावाआधीच हवा. व्हिम मागे-पुढे चालवून घेतो, नॅनो नाही. आतल्या अवतरणचिन्हांआधीची तिरपी रेघ गाळलीत तर कमांड तिथेच संपली असं धरलं जातं. अवतरणचिन्हंच काढलीत, तर फोल्डरच्या नावात जागा असेल तिथे नावाचे दोन तुकडे होतात.

नोंद करायचं मनात आलं आणि सेव्ह न करताच बाहेर पडलात, तरी तो नमुना फाइलमध्ये राहतो, कारण तो एडिटर उघडण्याआधीच लिहिलेला असतो. तुमच्या फाइलच्या तळाशी अशा अर्धवट ओळी साचल्या असणार. त्या हाताने काढून टाका.

व्हेरिएबलवर विसंबण्यात आणखी एक गोम आहे. ते बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना बॅश शेल वाचतो ती फाइल) लिहिलं आणि वीर्ड मेनूतून सुरू केलं, तर ते रिकामं असू शकतं. एडिटरचं नावच गायब झालं की शेल ‘+१२’ हीच कमांड समजतो आणि ती सापडत नाही म्हणतो. तसा संदेश दिसला तर एडिटरची कुरापत काढू नका.

नॅनो सोडून खिडकीवाला एडिटर घेणार असाल, तर तो बंद होईपर्यंत थांबेल असा पर्याय द्या: जीव्हिमला -एफ, व्हीएस कोडला --वेट. नाहीतर कमांड तत्क्षणी परतते, वीर्डला वाटतं संपादन संपलं, आणि तुम्ही अजून टाइप करत असताना ते जुनीच फाइल पुन्हा वाचून मोकळं होतं. व्हीएस कोडला ओळही निराळ्या तऱ्हेने सांगावी लागते: --गोटू, मग फाइलचं नाव, कोलन (:) आणि आकडा.

लेखातलं ते वाक्य खोडून वरच्या तीन ओळी घातल्या आहेत.