सापळ्यातलं प्रत्येक पाखरू बोंडअळीचं नसतं

पऱ्हाटीला (कपाशीला) पात्या, म्हणजे फुलकळ्या, लागल्या की यवतमाळ-वर्ध्याकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो: "कामगंध सापळ्यात लहान भुरकट पाखरू आलं म्हणजे गुलाबी बोंडअळीच. रंगावरून लगेच ओळखू येतं. आठ भरले की फवारा. फोटो टाका, नोंद झाली." २०१७ चा बोंडअळीच्या प्रकोपाचा हंगाम ज्याने भोगला त्याची घाई समजते. तरी यातलं एकेक वाक्य तपासून पाहावं.

"बोंडअळीच." ल्यूरमध्ये, म्हणजे सापळ्यातल्या गंधाच्या गोळीत, बोंडअळीच्या मादी पतंगाच्या गंधाचे दोन घटक भरलेले असतात. त्यातला एक घटक हाच धान्यातल्या पतंगाच्या मादीचाही गंध. हा पतंग म्हणजे साठवलेल्या गहू-ज्वारी-मक्याचा दाणा आतून पोखरणाऱ्या अळीचा. दोघं एकाच कुळातले, अंगाने तेवढेच, पंखांना तशीच झालर. सापळा धान्याच्या खोलीजवळ टांगला असेल तर शंका घ्यायलाच हवी.

"रंगावरून." ताजा असेल तर थोडंफार कळतं. बोंडअळीचा पतंग करडा-तपकिरी, वर गडद डाग. धान्यातला फिकट, गव्हांड्याच्या रंगाचा. पण सापळ्याच्या पिशवीत रात्रभर फडफडून पंखांवरचे खवले झडले की दोघंही सारखेच मळकट. मग मागचा पंख भिंगाखाली पाहायचा. धान्यातल्या पतंगाचा तो अरुंद असतो आणि टोकाला एकदम निमुळता होत बोटासारखा पुढे येतो. बोंडअळीच्या पतंगाचा त्या मानाने रुंद. तरीही अडलं, तर जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हाच पक्का उपाय. (पतंगात गुलाबी रंग शोधत बसू नका. गुलाबी होते ती अळी, तीही मोठी झाल्यावर. लहान असताना पांढरीच.)

"आठ भरले की." शिफारस आहे ती दर सापळ्यात दर रात्री ८ पतंग, तेही सलग ३ रात्री. आठवडाभर पिशवी रिकामी न करता केलेली मोजणी हिशेबात धरता येत नाही. शिवाय सापळ्यात येतात ते फक्त नर. नुकसान पाहायचं तर वावरात डोमकळ्या (अळीमुळे न उमलता गुलाबाच्या कळीसारखी मिटून राहिलेली फुलं) मोजा, हिरवी बोंडं फोडा.

"फोटो टाका." बसलेल्या पतंगाचा वरून काढलेला फोटो मागचा पंख दाखवतच नाही, तो पुढच्या पंखाखाली झाकलेला असतो. पाखरू वाळवून कागदाच्या घडीत, काडेपेटीत ठेवा. कापसात नको, पाय अडकून तुटतात. सोबत चिठ्ठी: तारीख, गाव, ल्यूर कशाचा, शेजारी पीक कोणतं, धान्य किती जवळ. काडेपेटी कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. तोवर वहीत "लहान पतंग, ओळख बाकी" एवढंच लिहा.