ईयोब गप्प बसला नव्हता

बायबलमधल्या ईयोबावरच्या, म्हणजे मुलंबाळं, संपत्ती, तब्येत सगळं गमावलेल्या त्या सज्जन माणसावरच्या एका लेखातलं 'ईयोबाने तक्रारीचा एक शब्दही न काढता सगळं सोसलं' हे वाक्य खटकलं. ईयोबाच्या पुस्तकातल्या पहिल्या दोन अध्यायांपुरतं ठीक. तिसरा उघडा की, तिथे तो आपल्या जन्मदिवसालाच शाप देतोय! आणि 42व्या अध्यायात देव रागावतो तो उपदेश पाजणाऱ्या मित्रांवर. आधी सात दिवस ते मुकाट्याने शेजारी बसले होते, तेवढंच बरं होतं.

बाबा गेले तेव्हा 'देवाची इच्छा' म्हणणारे पुष्कळ आले. चर्चच्या मंडळीतल्या एक मावशी मात्र काही न बोलता मोरीतली भांडी घासून गेल्या. अशा दुःखासाठीच्या तयारीचं म्हणाल तर आईचं रोज रात्रीचं बायबलमधल्या स्तोत्रांचं वाचन कामी आलं. त्यातलं तेरावं, देवाला 'कुठवर' विचारणारं, दवाखान्याच्या बाकावर तिच्या तोंडून आपसूक निघालं. तक्रारच होती ती.