बीओडीचा निकाल दुसऱ्या दिवशी कसा लागतो, सांगा मला

डोकं इतकं फिरलंय की आज लिहूनच टाकते. पर्यावरण व्यवस्थापनाच्या पदवीचं शेवटचं वर्ष, त्यातलं सहा महिन्यांचं प्लेसमेंट परवा संपलं. सगळे विचारतायत, "मग, काय शिकलीस?" आणि दर वेळी तळपायाची आग मस्तकात जाते.

कंपनीचं नाव लिहीत नाही. मोठा कारखाना, स्वतःचा सांडपाणी प्रकल्प, गेटवर आयएसओ 14001 चा, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, बोर्ड. पहिल्या दिवशी तो बोर्ड बघून मला खरंच आनंद झाला होता. दोन वर्षं वर्गात घोकलेलं सगळं आता डोळ्यांनी बघायला मिळणार, असं वाटलं होतं.

पहिले दोन महिने मी फायलींना लेबलं लावली. एक्सेल शीटमध्ये विजेची बिलं चढवली. मागच्या वर्षीच्या ट्रेनिंगच्या हजेरीपटांचं स्कॅनिंग केलं. ठीक आहे, नवीन माणसाला हीच कामं मिळतात, त्याबद्दल माझं भांडण नाही. भांडण पुढे आहे.

ऑडिटला तीन आठवडे उरले तेव्हा माझ्या सुपरवायझर सरांनी एक जाड रजिस्टर टेबलावर ठेवलं. सांडपाण्याच्या नोंदी. मागच्या दोन महिन्यांची पानं जवळपास कोरी. "हे पूर्ण करून टाक. आधीच्या महिन्यांचे आकडे बघ, थोडे इकडेतिकडे कर."

मी म्हटलं, "सर, पण हे मोजलेलं नाहीये ना?"

"प्लांट नीट चालतोय. मोजलं असतं तरी हेच आलं असतं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मोजलं असतं तरी हेच आलं असतं! मग मोजायचं कशाला? प्रयोगशाळा कशाला, उपकरणं कशाला, आम्ही तरी कशाला?

मी आधीची पानं चाळली आणि मला घाम फुटला. बीओडीच्या रकान्यात नमुना घेतल्याची तारीख 14, निकालाची तारीख 15. पुढच्या ओळीत 21 आणि 22. पान न् पान असंच. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: बीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्याचं माप. साधारण 300 मिलीच्या बाटलीत नमुना भरायचा, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा, मग बाटली 20 अंश सेल्सिअसला अंधारात पाच दिवस ठेवायची आणि पुन्हा मोजायचा. काही ठिकाणी 27 अंशांवर तीन दिवसांची पद्धत चालते. पण या रजिस्टरमध्ये पद्धतीच्या रकान्यात 'पाच दिवस, 20 अंश' असंच छापलेलं होतं आणि त्याच्याच शेजारी एका दिवसात निकाल लिहिलेला होता. त्याखाली सही. त्यावर आणखी एक सही. मागच्या ऑडिटरचीही टिकमार्क. एवढ्या लोकांच्या नजरेखालून हे पान गेलं आणि एकालाही दोन तारखांची वजाबाकी करावीशी वाटली नाही?

मग मी पीएच मीटर, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे ते मोजणारं उपकरण, बघायला गेले. रजिस्टरात रोजची नोंद होती: 7.2, 7.3, 7.2, 7.4. सगळं एकाच अक्षरात, एकाच पेनाने. मीटर कपाटात होता. इलेक्ट्रोडची, म्हणजे पाण्यात बुडवायच्या काचेच्या टोकाची, टोपी काढली तर आत ठणठणीत कोरडं. त्या टोपीत पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण असावं लागतं. काचेचा तो गोळा ओला राहिला तरच मीटर खरं सांगतो, हे आम्हाला पहिल्या सेमिस्टरला शिकवलंय. इथे टोपीच्या कडेला पांढरे खडे जमले होते. म्हणजे द्रावण कधीचंच वाळून गेलेलं. मीटर बरोबर दाखवतोय का ते तपासायच्या बफर द्रावणाच्या बाटल्या होत्या, पीएच 4, 7 आणि 10 च्या, तिन्हींचं सील शाबूत. त्या मीटरने कित्येक महिन्यांत एक थेंबसुद्धा मोजलेला नव्हता, आणि कागदावर रोज 7.2, 7.3. पीएच ही लॉगच्या मापाची गोष्ट आहे. एक अंक घसरला की आम्लता दहापट वाढते. त्या रकान्यात मनाला येईल तो आकडा लिहिणं ही बारीकसारीक चूक नाहीये हो!

आता जे लिहिणार आहे ते लिहिताना हात जड होतोय. मी दोन पानं भरली. हो, मी. सर शेजारी उभे होते, सेमिस्टरचे निम्मे मार्क त्यांच्या फॉर्मवर होते, आणि मी 7.3 लिहिलं, मग 7.2 लिहिलं. तिसऱ्या पानावर बीओडीचा रकाना आला तेव्हा मी पेन ठेवलं आणि म्हटलं, मला जमणार नाही. त्यांनी काही आरडाओरडा केला नाही. रजिस्टर उचललं आणि दुसऱ्या इंटर्नकडे दिलं. त्या दिवसानंतर मला प्लांटवर पाठवणंच बंद झालं.

त्या रात्री मी विद्यापीठाच्या प्लेसमेंट कोऑर्डिनेटर मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं, तारखांसकट. त्यांचं उत्तर होतं: "हे बघ, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. तुझे तास पूर्ण कर. कंपनीशी संबंध बिघडले तर पुढच्या बॅचला जागा मिळणार नाही." सहा महिन्यांत त्या एकदा आल्या होत्या, वीस मिनिटांसाठी. हजेरीपत्रक बघितलं, तास मोजले, सह्या बघितल्या आणि गेल्या. प्लांटकडे पाऊलही टाकलं नाही.

माझा खरा राग इथे आहे. कारखान्यावर आहेच, पण त्याहून जास्त माझ्या विद्यापीठावर आहे. ज्या माणसाने मला खोटे आकडे लिहायला सांगितले, त्याच माणसाच्या हातात तुम्ही माझे मार्क दिलेत. त्याच्या विरोधात बोलायचं झालं तर मी कुणाकडे जायचं, याचं उत्तर तुमच्या चाळीस पानी प्लेसमेंट हँडबुकात नाही. मी शोधलं. हजेरी कशी भरायची त्यावर तीन पानं आहेत. रिपोर्टचा फॉण्ट कोणता त्यावर अर्धं पान आहे. चुकीच्या कागदावर सही करायला सांगितलं तर काय करायचं, यावर एक ओळ नाही!

आणि वर्गात काय शिकवलं होतं आम्हाला? फोक्सवॅगनचं प्रकरण. पूर्ण एक तास. 2013 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका लहानशा टीमने, ज्यात विद्यार्थीही होते, डिझेल गाड्यांना उपकरणं जोडून त्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालवल्या. प्रयोगशाळेत पास होणारी एक गाडी रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड सोडत होती ती मर्यादेच्या 15 ते 35 पट. पुढे सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने कंपनीला नोटीस दिली आणि सगळं जगासमोर आलं. शिकवणारे सर किती तळमळीने सांगत होते: आकडा कागदावर बघू नका, जागेवर जाऊन मोजा. मी वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं ते वाक्य. मग मी जागेवर जाऊन बघितलं, तर त्याच विभागाने मला गप्प बसायला सांगितलं.

आयएसओ 14001 वाईट आहे असं मी म्हणत नाही. 2015 च्या आवृत्तीत कलम 9.1.1 मध्ये स्पष्ट लिहिलंय की मोजमापाची उपकरणं कॅलिब्रेट केलेली किंवा तपासलेली असली पाहिजेत. त्रुटी सापडली तर काय करायचं ते 10.2 मध्ये आहे: कारण शोधा, दुरुस्त करा, पुन्हा होणार नाही हे बघा. किती साधं आणि शहाणपणाचं आहे ते! त्रुटी सापडणं हा गुन्हाच धरलेला नाही त्यात. दोन महिने मोजलं नाही, मीटर बंद होता, असं सरळ लिहिलं असतं तर एक त्रुटी निघाली असती, नवीन इलेक्ट्रोड आला असता, विषय संपला असता. त्याऐवजी सगळा विभाग तीन आठवडे कागदी घोडे नाचवत बसला.

त्या सहा महिन्यांत मला खरं काही शिकवलं असेल तर प्लांटवरच्या ऑपरेटर दादांनी. एक लिटरच्या सिलिंडरमध्ये टाकीतलं पाणी भरून अर्धा तास गाळ कसा बसतो ते त्यांनी मला रोज दाखवलं. गाळ तपकिरी आणि घट्ट बसला तर जिवाणू खुशीत आहेत. वर तरंगायला लागला किंवा काळा पडून वास मारायला लागला तर काहीतरी बिघडलंय. एका सकाळी त्यांनी मला एअरेशन टाकीच्या, म्हणजे जिवाणूंसाठी पाण्यात हवा सोडतात त्या टाकीच्या, कठड्याशी नेलं. वर पांढऱ्या फेसाचा जाड थर होता. "रजिस्टरात आजचं सगळं ठीक लिहिलेलं असेल," ते म्हणाले, "पण हे बघ, रात्री कुणीतरी काहीतरी सोडलंय." त्यांना विचारणारं कुणी नाही. नोंदी लिहिण्याचं काम त्यांच्याकडे नाही, ते ऑफिसात होतं. जो माणूस पाणी बघतो त्याच्या हातात पेन नाही, आणि ज्याच्या हातात पेन आहे तो पाणी बघत नाही. आणि ते पाणी शेवटी नाल्यातून नदीतच जातं ना!

ऑडिट झालं. एकही मोठी त्रुटी निघाली नाही. माझ्या मूल्यमापनाच्या फॉर्मवर 'सहकार्याची वृत्ती' या रकान्यात पाचपैकी दोन आलेत.

मी माझ्या रिपोर्टमध्ये सगळं लिहिलंय. मी भरलेली ती दोन पानंसुद्धा, तारखांसह. गाइड सर म्हणतात, तो भाग काढ, परीक्षकांसमोर उगाच विषय निघेल. मी काढणार नाही. विषय निघू दे.

आज सकाळी पुढच्या बॅचसाठी कंपन्यांची यादी लागली. तीच कंपनी तिसऱ्या नंबरवर आहे, शेजारी शेरा: 'शिकण्यासाठी उत्तम वातावरण'. एका ज्युनिअर मुलीचा लगेच मेसेज आला, "ताई, तू तिथे होतीस ना? घेऊ का?" तिला सगळं सांगितलं. मग विभागप्रमुखांना मेल लिहिला, त्या रजिस्टरच्या पानांच्या तारखा देऊन. हा तिसरा मेल. पहिल्या दोनांना उत्तर आलेलं नाही.