कामाच्या पाळीची पहिली दहा मिनिटं

टीमला वर्षातून एकदा सहलीला नेलं की कामाचं वातावरण सुधारतं, असं एका लेखात वाचलं. पटलं नाही. वातावरण रोज ठरतं, तेही काम सुरू होताना. जळगाव जिल्ह्यात सावदा-रावेरकडे केळी पॅकिंगला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात. माणसं आधीच वैतागलेली. त्यात मुकादम आल्या आल्या ‘काल माल कोणी खराब केला?’ म्हणून सगळ्यांदेखत ओरडला, की पुढची केळ्यांची डागी फणी कोणी दाखवत नाही. ती गुपचूप खोक्यात जाते आणि माल उतरल्यावर बोंब होते. कामाच्या ठिकाणच्या भावनांचा अभ्यास करणाऱ्या संशोधक सिगल बार्सेड यांनी २००२ साली प्रयोगातून दाखवलंय, एकाचा मूड अख्ख्या गटात पसरतो. मुकादमाकडे तर सगळ्यांचेच डोळे असतात!

म्हणून मुकादमाने आधी पाणी आणि सावलीचं बघावं, मग कामाची वाटणी. चूक सांगायची ती त्याच दिवशी, बाजूला घेऊन आणि मालाबद्दल: ‘या फणीला देठाजवळ खरचटलंय, धुण्याच्या टाकीत सोडताना हळू.’ ज्याने स्वतःहून चूक दाखवली त्याचं कौतुक मात्र चारचौघांत. त्याची मजुरी कापली तर सगळं मुसळ केरात. आणि गाडी उशिरा आल्याने मुकादमाचंच डोकं तापलं असेल, तर तसं सरळ सांगावं. नाहीतर प्रत्येकाला वाटतं, राग आपल्यावरच आहे.