‘बाई, भावना आवरा’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

हांगझोऊच्या १०० मीटर हर्डल्सवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया काल रात्री वाचली. लगेच उत्तर द्यायचं टाळलं, कारण रागाच्या भरात लिहिलेलं मला नंतर खटकतं. आज सकाळी परत वाचली. राग गेलेला नाही, तरी लिहिते.

ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपलं म्हणणं असं की २०२३ च्या आशियाई खेळांच्या अंतिम शर्यतीत भारताची ज्योती याराजीही सुरुवातीची बंदूक वाजण्याच्या आधी हलली होती, म्हणून चीनच्या वू यानीबरोबर तीही बाद व्हायला हवी होती. पदक तिने धावून नाही, वाद घालून मिळवलं. १२.९१ सेकंद ही तिची स्वतःची सर्वोत्तम वेळसुद्धा नव्हती. मी आकडे चुकीचे देते. आणि शेवटचं वाक्य: ‘बाई, भावना आवरा. आयुष्यात कधी ब्लॉकमध्ये पाय ठेवला असतात तर असलं लिहिलं नसतं.’

आकड्याची चूक मान्य. सुवर्णपदक मिळवणाऱ्या लिन युवेईची वेळ १२.७४ होती, मी १२.४७ लिहिली. लेखात दुरुस्ती केली आहे. आपल्यामुळे ती लक्षात आली, त्याबद्दल आभार.

आता ते शेवटचं वाक्य. सात वर्षं मी इथे मैदानी खेळांवर लिहिते आहे. लोक माझ्याशी भांडतात, चुका काढतात, मला ते आवडतं. पण समोरच्याचं नाव लेखावर छापलेलं असताना ‘बाई’ म्हणून सुरुवात करायची, ही भाषा मुद्दा सांगणाऱ्याची नाही, गप्प बसवणाऱ्याची आहे. एखाद्या पुरुषाने हाच लेख लिहिला असता तर त्याला आपण भावना आवरायला सांगितलं असतं का? मला तसं वाटत नाही.

आणि ब्लॉकमध्ये, म्हणजे शर्यत सुरू करताना पाय टेकवायच्या पट्ट्यांमध्ये, पाय ठेवला आहे. चार वर्षं ठेवला आहे. उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला अजून पांढरा वण आहे. मागचा पाय हर्डलवरून आणताना तो लाकडी पट्टीला घासायचा, खपली धरायच्या आत पुन्हा सोलवटायचा. २०१२ साली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी अंतिम फेरीत होते. मातीचा ट्रॅक, फक्कीच्या रेषा. ‘सेट’ म्हटल्यावर कंबर वर जाते, खांदे रेषेच्या पुढे झुकतात, सगळा भार बोटांवर येतो. त्या क्षणी कान बंदुकीसाठी इतके ताणलेले असतात की शेजारची हालचाल डोळ्याला दिसायच्या आधी अंगाला लागते. माझ्या डावीकडची मुलगी सुटली. माझे हात जमिनीवरून उचलले गेले, एक पाऊल पडलं. बंदूक त्यानंतर वाजली, तीही आम्हाला परत बोलावण्यासाठी. स्टार्टरने, म्हणजे बंदूक वाजवणाऱ्या पंचाने, आम्हा दोघींनाही बाहेर काढलं. मी काही बोलले नाही. बोलायचं असतं हेच मला कोणी शिकवलं नव्हतं. स्पाइक्स हातात घेतले आणि कडेला जाऊन बसले. बोटांच्या टोकांना फक्की तशीच होती. माझी ती शेवटची स्पर्धा.

म्हणून हांगझोऊमध्ये बाद केल्याचं लाल कार्ड दाखवल्यावरही ज्योती मागे हटली नाही, हे पाहताना माझा घसा दाटला. ती लेखातली भावना हीच. ती आवरणार नाही.

आणि तिने जे केलं त्याला ‘वाद घालणं’ म्हणत नाहीत. मराठीत त्याला दाद मागणं म्हणतात. फॉल्स स्टार्टचा, म्हणजे बंदुकीआधी सुटल्याचा, ठपका बसला की खेळाडूने तिथल्या तिथे तोंडी हरकत घ्यायची, आणि पंचांनी ठरवलं तर त्या हरकतीच्या अधीन राहून धावायचं, अशी तरतूद नियमातच आहे. वू यानीही तशीच धावली. दोघींना सारखीच मुभा मिळाली. वू दुसरी आली, ज्योती तिसरी. त्यानंतर वू बाद झाली आणि ज्योतीचं कांस्य रौप्य झालं.

आपण ‘नियम म्हणजे नियम’ लिहिलंत, पण नियम अर्धाच सांगितलात. २०१० पासून पहिल्याच फॉल्स स्टार्टला खेळाडू बाद होतो, हे खरं. २०११ मध्ये देगूच्या जागतिक स्पर्धेत उसेन बोल्टसुद्धा १०० मीटरच्या अंतिम फेरीत असाच बाहेर गेला. पण जागतिक ॲथलेटिक्सच्या स्टार्टविषयीच्या त्याच सोळाव्या नियमात एक टीप आहे. एकजण आधी सुटला की इतर त्याच्यामागून सुटतात, काटेकोरपणे पाहिलं तर त्यांचाही फॉल्स स्टार्टच होतो, तरीही स्टार्टरने बाद करायचं ते फक्त ज्याच्यामुळे तो झाला त्याला. ज्योतीची केस शब्दन् शब्द हीच आहे. वू तिच्या शेजारच्या लेनमध्ये होती आणि आधी सुटली होती. ती टीप लिहिणाऱ्यांना माहीत होतं की शरीर ‘सेट’मध्ये काय करतं. मला २०१२ मध्ये ती टीप कोणी दाखवली असती तर!

१२.९१ बद्दल जास्त लिहीत नाही. त्याआधी दोनच महिने चीनमधल्या चेंगडूच्या स्पर्धेत ज्योती १२.७८ धावली होती, हे मलाही माहीत आहे. पण लाल कार्ड पाहून, पंचांशी बोलून, स्क्रीनवर स्वतःचाच स्टार्ट पुन्हा पुन्हा बघून परत ब्लॉकमध्ये उतरायचं, आणि १३ मीटरवरच्या पहिल्या हर्डलपर्यंत पावलांचं गणित जसंच्या तसं ठेवायचं. सपाट शर्यतीत एखादं पाऊल आखूड पडलं तर पुढे भरून काढता येतं. इथे पुढे ८३.८ सेंटिमीटरचे दहा अडथळे असतात आणि मधल्या ८.५ मीटरमध्ये तीनच पावलं. डोकं हललं की पाऊल हलतं. त्या अवस्थेतली १२.९१ मला चेंगडूच्या वेळेहून मोठी वाटते.

पंचांनी आधी दिलेला निर्णय बदलला त्याने चुकीचा पायंडा पडतो, हा आपला आणखी एक मुद्दा. चुकीचा निर्णय बदलला, इतकंच मला दिसतं. त्यावर वेळ घालवायची माझी इच्छा नाही.

आपली प्रतिक्रिया काढलेली नाही, एक शब्दही न गाळता ठेवली आहे. पुन्हा लिहायचं असेल तर त्या टिपेबद्दल लिहा, मी वाचेन. आणि माझं नाव लेखाच्या वरच आहे.